धाकटीची कॅसेट

"शनिवारी कार्यक्रम आहे, वहिनी. त्याआधी एवढा सेल बदलून द्या," असं म्हणत धाकट्या जावेने आपल्या गेममध्ये बसणारी कॅसेट काउंटरवर ठेवली. "आणि आतलं काही ऐकू नका हं."

थोरलीने मान डोलावली. ऐकू नका म्हणे! जसं काही हिची गाणी चोरून ती दुसरं दुकान थाटणार होती.

दुकान थोरलीचं. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले, हातात धरून खेळायचे जुने गेम ती उघडायची. नवी काच, नवी बटणं बसवायची, छोट्या पडद्यामागे दिवा बसवायची आणि आवाजासाठी आतून वेगळी वायर काढून द्यायची. मग त्या खेळण्यातून अख्ख्या सभागृहाला पुरेल असा खणखणीत आवाज निघायचा. त्यातल्या टीं-टीं टूं-टूं आवाजांवर गाणी रचून स्टेजवर वाजवणारी मंडळी होती, आणि त्यांत सगळ्यांत मोठं नाव कुणाचं? धाकटीचं.

हेच थोरलीला डाचायचं. यंत्र हिने घडवायचं आणि टाळ्या तिने घ्यायच्या. सासूबाईंनी दुकानाची पायरी कधी चढली नव्हती, पण धाकटीचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. थोरलीचा नवरासुद्धा जेवताना धाकटीच्या डोक्याचं कौतुक करायचा, तेव्हा हिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

स्टेजची हौस थोरलीलाही होती. दोन वर्षांपूर्वी तिने धीर करून घरात विषय काढला होता, की आपणही एकदा वाजवून बघावं म्हणते. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, मग दुकान कोण बघणार? धाकटी तिथेच बसली होती. चकार शब्द बोलली नाही. ते थोरलीच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

त्यात धाकटीची एक खोड. दर आठ-पंधरा दिवसांनी गेम घेऊन दुकानात हजर. कधी म्हणे बटण चिकटतंय, कधी म्हणे आवाज खरखरतोय. थोरली उघडून बघायची तर कशालाही काहीही झालेलं नसायचं. तरी पुसूनबिसून ती रीतसर तपासायची. कॅसेटमधल्या मोकळ्या जागेत मनाला येतील त्या चार ओळी सुरांच्या भरायच्या, गेमला एका वेळी काढता येणारे चारही आवाज नीट वाजतात ना ते ऐकायचं आणि ओळी न पुसताच गेम बंद करायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम ती असंच तपासायची. धाकटी तोवर स्टुलावर गप्प बसून असायची. मुकादम मजुरांवर लक्ष ठेवतो तशी बसते मेली, असं थोरलीच्या मनात यायचं.

आता सेलची गंमत अशी की कॅसेटमधली गाणी त्या चपट्या गोल सेलच्याच जिवावर टिकतात. सेल काढला की सगळं पुसलं जातं. म्हणून आधी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मग सेल बदलायचा, मग गाणी परत भरायची. पाच-दहा मिनिटांचं काम. थोरलीने शेकडो वेळा केलेलं.

धाकटी गेल्यावर तिने कॅसेट उघडली. कॉम्प्युटरची वायर हाताशीच होती. तिने वायरकडे पाहिलं, ती बाजूला सारली आणि सोल्डरिंग गन उचलली. जुना सेल सुटून टेबलावर पडला. तिने नवा बसवला. मनातून इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. विचारलंच कुणी, तर जुना सेल आधीच मेला होता म्हणून हात झटकता येणार होते.

या खेपेला तिने तपासायला ओळीही भरल्या नाहीत.

संध्याकाळी धाकटी न्यायला आली.

"ऐकलं नाहीत ना?"

"नाही." हे मात्र खरं होतं. "आणि शनिवारपर्यंत चालू करू नकोस. नवा सेल आहे, जरा बसू दे."

धाकटीने बरं म्हटलं. यंत्राच्या बाबतीत वहिनीचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

शनिवारी सासूबाईंनी थोरलीला चांगले कपडे घालायला लावले आणि हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. थोरलीने आढेवेढे घेतले नाहीत. फजिती बघायची तर जवळून बघावी. सभागृह गच्च भरलं होतं.

धाकटी आली. गेममध्ये कॅसेट घातली, वायर जोडली, पण गेम चालू केला नाही. माइक हातात घेतला.

"आजची गाणी माझी नाहीत," ती म्हणाली. "माझ्या गेमला दोन वर्षांत काहीही झालं नाही. तरी मी तो दुरुस्तीला नेत राहिले. कारण तपासताना माझ्या थोरल्या जाऊबाई ज्या ओळी वाजवतात, तशा मला जन्मात सुचायच्या नाहीत. मी त्या फक्त जपल्या आणि एकामागे एक लावल्या. त्यांना वाजवायचं होतं तेव्हा घरात मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते. म्हणून आज वाजवणार त्याच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरली जागची हलेना. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"जा," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून दुकानात मी बसेन. चुकलंच माझं तेव्हा."

पायऱ्या कशा चढली ते थोरलीला कळलं नाही. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. धाकटीने गेम तिच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकली.

"घाबरू नका, वहिनी. फक्त चालू करा. सगळं आत आहे."