ओरिनची गोळी

मर्व्हच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात ओरिन योस्टच्या शर्टाचं मागचं टोक.

"कात्री लावलीस तर मनगट मोडीन," ओरिन म्हणाला. "मी चुकलेलो नाही."

"गेल्या वर्षी टोक कापलं तेव्हाही हेच म्हणाला होतास, म्हाताऱ्या," चुलीपाशी बकव्हीटच्या पिठाची धिरडी उलथत लाइल म्हणाला.

शिकारीच्या त्या लाकडी खोपटाच्या भिंतीवर शर्टांची चाळीसेक टोकं खिळ्यांनी ठोकलेली होती. हरणावर नेम चुकला की शर्टाचं टोक कापायचं आणि खाली नाव-वर्ष लिहायचं. टोक कापून घेण्यात कमीपणा नव्हता, चेष्टा होती. पण लागोपाठ दोन वर्षं टोक कापलं गेलं, की त्या माणसाने रायफल कायमची खुंटीला टांगायची आणि पुढे फक्त स्वयंपाकाला यायचं. हा नियम स्वतः ओरिननेच केला होता. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. आता चौऱ्याहत्तर.

"सकाळी आठला तुझा बार ऐकला," मर्व्ह म्हणाला. तो खोपटाचा प्रमुख होता. "ओढ्यापर्यंत दोन तास शोधलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. मग काय समजायचं?"

"शोधणाऱ्यांना डोळे नाहीत, असं समजायचं." ओरिनने खिशातून झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी काढून टेबलावर आपटली. "ही बघ. एकच. एकच बार काढला, कारण दुसऱ्याची गरज नव्हती. दारूचा कण न् कण मी तराजूवर तोलतो. गोळी माझ्या साच्यातली, शिसं माझं. तुमच्यासारखं दुकानातून खोकं आणून खटके ओढत नाही मी."

"कदाचित नळीवरची, नेम धरायची माशी हलली असेल," हार्लन म्हणाला. हार्लनने सकाळी ओरिनच्या खालच्याच उतारावर हरीण पाडलं होतं, त्यामुळे त्याला दया दाखवणं परवडत होतं. "इतकी जुनी रायफल. तुझ्या वडिलांची ना?"

ओरिन लालबुंद झाला. रायफल उचलून तो अंगणात गेला. चाळीस पावलांवर मेपलचा कुजका बुंधा होता. त्यावर मर्व्हने सिगारेटचं रिकामं पाकीट टाचलं. ओरिनने तीनदा लिव्हर ओढली, तीन बार काढले. दर वेळी बाहेर उडालेली पुंगळी त्याने हवेतच झेलली. पाकिटावरची तिन्ही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

"हलली का माशी?" त्याने विचारलं.

ओरिन बुंध्यापाशी गुडघ्यावर बसला आणि चाकूने शिसं उकरून काढू लागला. शिसं वाया घालवणं त्याला पाप वाटे. ते वितळवून पुन्हा गोळ्या ओतायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे जेवायला आत गेले.

तो आत आला तेव्हा त्याचा आवाज एकदम शांत होता.

"हार्लन, तुझ्या हरणाला जखमा किती?"

"एक. डाव्या खांद्यात. का?"

"गोळी आरपार गेली?"

"नाही. आतच आहे कुठेतरी."

"माझं हरीण तुझ्याच बाजूला पळालं होतं. दहा मिनिटांनी तुझा बार झाला. दोन बार, जखम एक. म्हणजे कुणाचा तरी नेम चुकला. तो माझा कशावरून?"

"अरे, माझ्या डोळ्यांसमोर पडलं ते!"

"मरायला टेकलेलं हरीण कुणाच्याही डोळ्यांसमोर पडतं."

लाइल खिदळला आणि बादल्या घेऊन ओढ्यावर पाणी आणायला गेला. मर्व्हला हसू आलं नाही. त्याला ओरिनचं म्हणणं रास्त वाटलं. हार्लनच्या गोळ्यांवर तांब्याचं कवच होतं, ओरिनच्या नुसत्या शिशाच्या, चपट्या नाकाच्या. गोळी सापडली की निकाल लागणार होता.

तिघेही बाहेर आले. हरीण पोट साफ करून फांदीला टांगलेलं होतं. ओरिनने बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, हात पुसायला फडकं घेतलं आणि बरगड्यांच्या आत हात घातला. बराच वेळ तो चाचपत राहिला. मग त्याने रक्ताने माखलेली मूठ बाहेर काढून मर्व्हसमोर उघडली.

शिशाची, नाक ठेचलेली गोळी होती. तिच्या अंगावर रायफलीच्या नळीतल्या आट्यांचे ओरखडे होते आणि मागे ओरिनच्या साच्याच्या खाचा.

"हे शक्य नाही," हार्लन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मर्व्ह, आईशप्पथ, माझ्या गोळीने पडलं ते."

"सकाळपासून मीही हेच सांगत होतो," ओरिन म्हणाला. "तुम्ही मात्र कात्री घेऊन उभे! चव्वेचाळीस वर्षं या खोपटात काढली मी. एकाला तरी वाटलं का, की म्हातारा खरं बोलत असेल?"

मर्व्हने मान खाली घातली. "चुकलं आमचं, ओरिन. हरीण तुझं."

आत येऊन त्याने गोळी टेबलावर ठेवली, त्या पुंगळीशेजारी. हार्लन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आठ वर्षांत त्याचं हे पहिलंच टोक होतं. मर्व्हने कात्री लावली. कापड अर्धं कापलं गेलं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात लाइल उभा होता, धापा टाकत. दोन्ही बादल्या रिकाम्या.

"ओरिन! म्हाताऱ्या, पाया पडतो तुझ्या!" तो ओरडला. "ओढ्याच्या पलीकडे, दाट झुडपात, आठ टोकांच्या शिंगांचा नर पडलाय! काळजातून आरपार. रक्त पलीकडच्या काठावर सुरू होतं रे, म्हणून आम्हाला दिसलं नाही. माग थेट तुझ्या जागेकडून आलाय. तू खरंच चुकला नव्हतास!"

चुलीवर धिरडं करपत होतं.

मर्व्हने कात्री खाली ठेवली.

"ओरिन," त्याने विचारलं, "सकाळी किती बार काढलेस म्हणालास?"