पूर्ण वेग

इंटरनेट कंपनीकडून दुरुस्तीला आलेल्या तालायने बूट दाराशी काढले आणि खोलीभर नजर फिरवली. इंटरनेटचा डबा कुठेच दिसेना. पांढरी तार मात्र खिडकीच्या चौकटीतून आत येऊन रजयांच्या ढिगामागे गुडूप झाली होती.

"राउटर कुठंय, अपा?" त्याने विचारलं. तिकडे आईला अपा म्हणतात, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईलाही.

"पेटीत," अनारकुल म्हणाली. "मग काय उघड्यावर ठेवू? एवढी महागाची वस्तू!"

पेटी समोरच्या भिंतीला होती, पाहुण्याला मानाने बसवतात तिथे. तिच्यावर सोळा रजया, घड्या अगदी एका रेषेत. अत-बाशी गावात बाईची ऐपत या ढिगाच्या उंचीवरून ठरते. अनारकुलचा ढीग जवळजवळ छताला टेकला होता, कारण त्या अंथरून झोपायला वर्षानुवर्षं कुणी आलंच नव्हतं.

दोघांनी मिळून सगळ्या रजया खाली उतरवल्या. "हळू रे, ती लाल माझ्या पोराच्या, मिर्लानच्या लग्नासाठी शिवलीये," असं तिने दोनदा बजावलं. पेटीला चारी बाजूंनी पत्रा ठोकलेला होता. आत चांदीच्या कानातल्यांशेजारी, भरतकामाच्या रुमालात गुंडाळलेला राउटर बिचारा डोळे मिचकावत पडला होता. तारांसाठी मागे सुताराकडून व्यवस्थित भोक पाडून घेतलं होतं.

तालायला हसू आवरेना. "अहो अपा, पत्र्याची पेटी आणि वर सोळा रजया! इंटरनेट इथून पुढे हवेतून जातं फोनपर्यंत. तुम्ही त्याला कोंडून घातलंय."

"मला वाटलं, तार आहे म्हणजे तारेतूनच येत असणार," तीही तोंडावर हात ठेवून हसली. "आणि मी तीन महिने तुमच्या ऑफिसला शिव्या घालतेय!"

मग तालायने न विचारताच ती सांगत सुटली. मॉस्कोहून मिर्लानचा फोन लागला की त्याच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे, एक डोळा इकडे, एक तिकडे. दोन वाक्यं झाली की तो म्हणायचा, अपा, तुझ्याकडचं नेट गेलं. की बंद. आणि ती शेजारची बूरमा म्हणायची, नेटबिट काही नाही, पोराला तुझा कंटाळा आलाय. "तिचा जावई बिश्केकहून तासभर बोलतो ना, म्हणून जीभ चालते तिची. मला काय, एवढंच विचारायचंय त्याला. वसंताच्या सणाला येतोस का? तेवढंसुद्धा विचारून होत नाही."

तालायने राउटर खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा वेग मोजला. "मघाशी आलो तेव्हा चार एमबीपीएस होते. आता शंभर. पूर्ण वेग! लावा मॉस्कोला."

अनारकुलने डोक्याचा रुमाल बदलला. मग ताठ बसून बटण दाबलं.

मिर्लानने फोन उचलला. चेहरा अख्खा होता. दाढी वाढलेली, भुवईवर नवा व्रण. मागे एकावर एक खाटा आणि खालच्या खाटेवर पत्ते खेळणारे दोघं. मिर्लानच्या हातातही पत्ते होते.

"मिर्लान! दिसतोयस रे, अख्खा दिसतोयस! जेवलास का?"

"जेवलो. तू बरी आहेस ना?"

"मी बरी. ऐक, सणाला तू..."

"हॅलो? अपा? चित्र अडकलं गं तुझं. आवाज तुटतोय."

"नाही रे, मला तर तुझ्या पापण्यासुद्धा..."

"काहीच ऐकू येत नाही. तुझ्याकडचं नेट पुन्हा गेलं वाटतं. मग करतो हं."

हॅलो हॅलो म्हणता म्हणता त्याने हातातलं एक पान खाली टाकलं. समोरचा पोरगा हसला. मग मिर्लानचा अंगठा पडद्याकडे आला. सगळं स्वच्छ दिसलं.

"त्यांच्या बाजूचं असेल, अपा," तालाय घाईने म्हणाला. "तिथे एका खोलीत दहा-दहा जण एकच नेट वापरतात."

अनारकुल एकेक रजई उचलून पेटीवर रचायला लागली. तो मदतीला पुढे झाला तर नको म्हणाली. इतकी वर्षं ती एकटीच राहत होती, पण एवढं एकटं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

शेवटची रजई ठेवून झाल्यावर तिने विचारलं, "तक्रारीच्या कागदावर काय लिहिणार तू?"

"काम झालं. वेग पूर्ण."

"तसं लिहू नकोस."

"अपा, पण..."

"लिही, डोंगरावरची तार खराब आहे. तुझं काय जातं?"

तालायने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लिहिलं.

तो बाहेर बूट चढवत होता, तेव्हा कुंपणापलीकडून बादली घेतलेल्या बाईने हाक मारली. "काय रे, झालं का अनारकुलचं नीट? की मी म्हणते तेच खरं?"

तालाय नाडी बांधत राहिला. "नाही झालं, अपा. वरची तारच गेलीये. बर्फ वितळेपर्यंत काही होत नाही."

मागे दार खाडकन उघडलं. अनारकुल उंबऱ्यात उभी होती, डोक्यावर तोच नवा रुमाल.

"ऐकलंस ना, बूरमा?" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "हा कंपनीचा माणूस आहे! आता तरी माझ्या पोराला नावं ठेवू नकोस!"