मांडवातली चढाई

हिवरखेडच्या मांडवात युवा धोरणावर संवाद चालू होता, म्हणजे सत्कार चालू होते. शाल, नारळ, टाळ्या; पुन्हा शाल, नारळ, टाळ्या. गावातल्या तरुणांच्या वतीनं बोलायला पहिल्या रांगेत बसवलेली पायल केव्हाच तिथून निघून गेली होती. डोळे तेवढे उघडे होते. तिला दिसलं, की मंचावरच्या पाहुण्यांनी हातात हात धरून साखळी केली आणि ती एकटी ओठांतल्या ओठांत कबड्डी, कबड्डी करत त्यांच्यावर चढाईला निघाली. एकाच्या शालीला शिवली, दुसऱ्याच्या नारळाला शिवली. मोठ्या साहेबांनी तिच्या पायांवर झेप घेतली, तशी ती त्यांच्या डोक्यावरून उडाली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. झेंडूचा वास, पंख्यांचा वारा, आणि खाली मैदान मोकळंच मोकळं...

"बेटा, कुठं हरवलीस?" साहेब माइकवरून हसले. "सरकार तुमचं ऐकायला तुमच्या दारात आलंय. लाजू नकोस, तुझं स्वप्न सांग."

पायल उठली. पायाखालचा लाल गालिचा तिनं अंगठ्यानं जरा सारला. खालून चुन्याची पांढरी रेघ निघाली, सरळ मंचाखाली शिरलेली.

"साहेब, मांडव कवा काढता? उद्या तेल्हाऱ्याच्या पोरी खेळाले येऊन रायल्या, अन् तुमी आमच्या मधल्या रेघेवर बसून रायले."