उद्याचा तास

आई दुसऱ्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी काहीतरी नवंच निघतं आणि ते शिकायला तिच्या अंगात त्राण उरत नाही. मग भाजी चिरता चिरता माझीच उलटतपासणी! "आज सरांनी काय शिकवलं? नीट सांग गं बाई, उद्या मला वर्गापुढे उभं राहायचंय."

आमचे सर म्हणजे एकदम भारी! विचाराल ते येतं. आज मी विचारलंच, "सर, तुम्ही हे सगळं शिकता तरी कधी?"

चष्मा काढून डोळे चोळत सर म्हणाले, "मी कसला शिकतोय! रोज संध्याकाळी लेकीलाच विचारतो. तिच्या बाईंना म्हणे सगळं येतं."



त्यांची लेक आईच्याच वर्गात आहे.