फोटोतली मागची बाजू

चेकरबाईंनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि फोटोतल्या चेहऱ्यावर नव्हे, चेहऱ्याच्या मागे बोट टेकवलं.

“इथे काय आहे?”

चष्म्याच्या दुकानातली मुलगी हातातली काच पुसत थांबली. फोटो तिचाच होता. चार दिवसांपूर्वी मध्यस्थांनी तो चेकरबाईंना पाठवला होता, त्यांच्या मुलासाठी स्थळ म्हणून. मुलगी नीटस होती, नजर सरळ होती, पण तिच्या मागे सगळा धूर. भिंत नाही, दार नाही, नुसते रंगांचे डाग. गेले चार दिवस तो धूर चेकरबाईंच्या डोक्यात शिरून बसला होता.

त्यांचा तरी काय दोष! कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. सदरा समोर आला की आधी उलटा करायचा. वरून सगळेच सदरे देखणे असतात, घोळ असतो तो आतल्या शिलाईत. ही खोड घरीही सुटली नव्हती. औषधाची गोळीसुद्धा पाकिटावरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

मध्यस्थांना विचारलं तर ते म्हणाले, हल्ली असेच फोटो काढतात. त्या माणसावर चेकरबाईंचा विश्वास उरला नव्हता. आधीच्या तीन मुलींनी मुलाचा फोटो बघूनच नकार कळवला होता आणि कारण एकीनेही दिलं नव्हतं. तोच मध्ये काहीतरी पाचर मारत असणार, याची त्यांना खात्री होती. शिवाय असला फोटो काढायला महागडा फोन लागतो, असं कारखान्यातल्या पोरी सांगत होत्या. मग चष्म्याच्या दुकानातल्या पोरीकडे तो आला कुठून? आणि समोर उभं राहून फोटो काढणारा कोण? अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या न कळवता येऊन थडकल्या त्या यासाठीच.

हे लग्न जमायला हवं होतं. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. सून आली की मी बसणार, असं त्या शेजारणीला सांगत आल्या होत्या.

मुलगी गडबडली नाही. तिने खिशातून स्वतःचा फोन काढला. कोपऱ्यात तडकलेला, मोबाइलच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर मिळतो तसला. मागचं पुसट करायची सोय यातही असते, ती म्हणाली, फक्त स्वस्त फोनला नीट कळत नाही, तो माणसाचे कान नि केसही पुसून टाकतो. म्हणून आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं नाही. मागे भरपूर जागा सोडायची, फोन जवळ धरायचा, उजेड तोंडावर घ्यायचा. मग एक पैसाही लागत नाही.

“आणि काढला कोणी?”

“मी काढला,” आतून आवाज आला. दुकानाची मालकीण चष्मा कपाळावर सारून पडद्याआडून डोकावत होती. “वर गच्चीत. मागे पाण्याच्या टाक्या आहेत आणि माझ्या चादरी. जाऊन बघा हवं तर.”

दुसरी कोणी असती तर इथे ओशाळली असती. चेकरबाई तीन जिने चढून गेल्या. धापा टाकत त्यांनी फोन समोर धरला आणि डाग जुळवले. निळा डाग म्हणजे टाकी. पिवळा म्हणजे चादर. कोपऱ्यातला लाल म्हणजे उलटी ठेवलेली बादली. कुठेही टाका निसटलेला नव्हता. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

खाली येऊन त्यांनी जाहीर केलं की मुलगी पसंत आहे. मुलगी पुन्हा काच पुसू लागली. तेव्हा त्यांनी पुढे जोडलं, की आमच्याकडे लपवाछपवी नाही, मुलाच्या फोटोत मागे अख्खं घर दिसतं.

“दिसतं ना,” मुलगी म्हणाली. “म्हणून तर मी कालच मध्यस्थांना नाही म्हणून कळवलं.”

चेकरबाईंचा पारा चढला. काय सांगितलं त्या माणसाने, असं त्यांनी विचारलं. त्याने काहीच सांगितलं नव्हतं. मुलीने आपल्या फोनवर मुलाचा फोटो उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. फोटो चेकरबाईंनी स्वतः निवडला होता, नवा फ्रिज पुरा दिसतो म्हणून. पुढे मुलगा, दाढी गुळगुळीत, मनापासून हसणारा. मुलीने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कडेला सरकवला. तिथे स्वयंपाकघराचं दार होतं. दारात एक बाई कमरेत वाकून, एका हाताने भरलेला सिलिंडर उंबऱ्यावरून ओढत होती.

चेकरबाई बघत राहिल्या. हा फोटो त्यांनी पन्नास वेळा तरी पाहिला होता.

“हा त्यांनी स्वतःच काढलाय ना? हात लांब केलेला दिसतोय.”

“हो, त्यानेच.”

“म्हणजे काढताना स्क्रीनवर त्यांना तुम्ही दिसत होतात.”

चेकरबाईंना पोराची बाजू घ्यायची होती. तो वाईट नाही, शब्दाने दुखवत नाही, हे सगळं त्यांच्या मनात आलं. तोंडून वेगळंच निघालं.

“अगं, मला त्याची सवय आहे.”

मुलीचा स्वर अगदी मऊ झाला.

“तेच ना, काकू. मला ती लावून घ्यायची नाही.”