मोठ्या अक्षरांचं पान

नातू जिनेशच्या लग्नाच्याच वर्षी आष्ट्यात आमच्या मालकांनी सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत उपासाचं जैन व्रत घेतलं, अन्नपाणी सोडलं. साठीत मला त्यांनीच अक्षरं शिकवली, म्हणून जाताना ऐकायचा शेवटचा धर्मपाठ त्यांना माझ्याकडूनच हवा होता. मला मोठं छापील अक्षरच वाचता येतं, आणि व्रताच्या खोलीत मोबाईल, कॉम्प्युटर वर्ज्य. नातसुनेनं पाठ टाईप केला, पण तिच्या कॉम्प्युटरचं लिनक्स नव्या प्रिंटरला ओळखेना. “स्कॅन करतोय, छापत न्हाई. थांबा आज्जी, प्रिंटरचा ड्रायव्हर प्रोग्राम घालते.” जाऊ दारात आली. “आक्का, श्वास लांबलाय. तोंडानं म्हणा की.” “तोंडपाठ न्हाई.” मशीन गुरगुरलं. चाचणीचं पान इंग्रजीत निघालं, मग माझं. मालकांच्या उशाशी बसून ओल्या शाईवर बोट ठेवून, अक्षरं जोडत पान संपवलं. मान वर केली, सगळे हात जोडून उभे. मालक तवनाप्पा त्या कार्तिक वद्य तृतीयेला, मी वाचत असतानाच गेले. कितव्या ओळीला, ते कळलं नाही.