तिसऱ्या कडव्याची फुली

"इथे रडायचं," म्हणत शद्रकनं तिसऱ्या कडव्याशेजारी पेन्सिलनं फुली मारली.

चर्चच्या बँडचा हा नवा लीडर मोबाईलवरून गाणी उचलतो. व्हिडिओतली बाई त्या ओळीला रडते, म्हणून यालाही रडायचं होतं!

"व्हिडिओत मागे कुत्रंही भुंकतंय. ते कोण करणार?" मी कीबोर्डवरून विचारलं. सगळे हसले. त्यानं मात्र सरावात तीनदा रडून दाखवलं. नाटक्या मेला!

दोन आठवड्यांनी उपासनेत ते गाणं आलं. मधल्या दिवसांत बाबांना माती दिली होती. पहिल्या बाकावर आई त्यांच्याही वाटचं गात होती. तिसऱ्या कडव्याला मला हुंदका फुटला, बोटं थांबली.

उपासना संपताच शद्रकनं पेन्सिल काढली. "झकास जमलं!" म्हणाला आणि फुलीपुढे लिहिलं: 'कीबोर्डवालीनंही.'